प्रेझेन्स ह्या शब्दाला मराठीत नेमकं काय म्हणायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बचत गटाच्या बायकांसाठी एक ट्रेनिंगची पुस्तिका इंग्रजीतून मराठीत करतेय आणि त्यात प्रेझेन्स हा शब्द इतक्या ठिकाणी आलाय की डोकं उठलंय.

मीटिंगला सगळ्यांचा प्रेझेन्स हवा, इथे हजेरी किंवा उपस्थिती, प्रश्नच नाही. पैसे मोजायचे ते दोन सभासदांच्या प्रेझेन्समध्ये, तिथे समक्ष घातलंय, देखत पण चाललं असतं पण देखत म्हटलं की मला भांडणच आठवतं, "माझ्या देखत बोलली ती" वगैरे. प्रेझेन्स ऑफ माइंडला प्रसंगावधान तयार आहेच. पाण्याच्या धड्यात क्लोरीनचा प्रेझेन्स तपासा असं आहे, आता क्लोरीनची उपस्थिती लिहिलं तर तो मस्टरवर सही करायला आलाय असं वाटेल, म्हणून सरळ "ओटी टेस्ट करा, पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे" असं करून टाकलं.

अडलंय दोन ठिकाणी. एक, "लीडरला प्रेझेन्स असावा लागतो". व्यक्तिमत्त्व म्हटलं तर फारच पसरट होतं आणि रुबाब म्हटलं तर बाई नुसती भारी साडी नेसून आल्यासारखी वाटते. दुसरं, गटाचा ऑनलाइन प्रेझेन्स.

आणि जे तपासणार आहेत ते म्हणतायत हजेरी काढा, तो परका शब्द, सगळीकडे उपस्थितीच हवी. काय करू?

प्रतिसाद १
हजेरी अजिबात काढू नका. मूळ अरबी असेल, पण रोजगार हमीच्या कामावर हजेरीपटच म्हणतात, उपस्थितीपट म्हणणारं कोणी भेटलं तर कळवा. पाऊससुद्धा आपल्याकडे हजेरी लावतो आणि बाई वर्गात खरडपट्टी काढतात तेव्हा हजेरीच घेतात. उपस्थिती प्रमुख पाहुण्यांना ठेवा, पत्रिकेवर शोभते.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, फक्त एक. गटात पारधी किंवा इतर विमुक्त समाजातल्या बायका असतील तर जरा बघा. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे आपल्याकडेही आला, सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती, तिथल्या लोकांना रोज हजेरी द्यावी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यातून सुटका झाली पण घराघरात ह्या गोष्टी अजून सांगतात. शब्द बदला असं नाही म्हणत मी, पण "हजेरी द्यावी लागेल" असा हुकमी सूर नको, "मीटिंगला सगळ्याजणी या" इतकं पुरे.

प्रतिसाद ३
लीडरसाठी वजन घ्या की. "ती बोलली की बैठकीत वजन पडतं", गावात असंच बोलतात. दरारा नको, त्यात भीती आली. ऑनलाइनवाल्याला नामच शोधू नका, "गटाचं फेसबुक पेज आणि व्हॉट्सॲपवर मालाची यादी असू द्या" लिहा, बायकांना काय करायचं ते तरी कळेल.

धागाकर्ती
वजन एकदम फिट बसतंय, घेतलं. हजेरीसाठी त्या सरांशी उद्या भांडते, हजेरीपटाचा मुद्दा त्यांना सांगणारच आहे. आता "हीलिंग प्रेझेन्स" असा एक निघालाय शेवटच्या धड्यात, आजारी माणसाजवळ बसण्याबद्दल. सान्निध्य फार देवळातलं वाटतंय. "सोबत" चालेल ना?