'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस': विषकन्येतलं विषच काढून टाकलं

रात्रपाळी
कार्ल फ्रँकलिनचा हा 1995 चा चित्रपट पुन्हा पाहिला. (रहस्यभेद आहे. पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा.)

1948 चा उन्हाळा, लॉस एंजेलिस. विमान कारखान्यातली नोकरी गेलेला, घराच्या हप्त्यांनी धास्तावलेला ईझी रॉलिन्स. त्याला शोधायचीय डॅफनी मोने, सेंट्रल अॅव्हेन्यूवरच्या काळ्यांच्या क्लबांत रमणारी 'गोरी' बाई. डेन्झेल वॉशिंग्टन झकास, वस्ती तर जिवंत. पण वॉल्टर मोझलीच्या कादंबरीतलं ईझी-डॅफनीचं प्रेमप्रकरण पार गाळलंय! कादंबरीतली डॅफनी तीस हजार डॉलर घेऊन पळालेली, खून करून मोकळी होणारी बाई. इथे जेनिफर बील्स कर्मकहाणी सांगते आणि निघून जाते. फेम फतालची, म्हणजे विषकन्येची, भीती वाटायला नको?

तिरपागडे
साफ असहमत. डॅफनी मिश्रवंशाची आहे, हेच तर रहस्य. कॅलिफोर्नियात गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावर कायद्यानेच बंदी होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली 1 ऑक्टोबर 1948 ला, म्हणजे ही गोष्ट घडून गेल्यावर. तिचा प्रियकर, गडगंज राजकारणी टॉड कार्टर, त्याच्याशी तिचं लग्न होणार कसं? तिला खुनी करायची गरजच काय, तिचं खरं कूळ कळलं की कार्टरसारखा राजकारणी माणूस संपतो.

आणि धक्क्यावरचा प्रसंग आठवा. गोरी मुलगी स्वतःहून बोलायला येते, तर पोरं ईझीच्या अंगावर येतात. अशा शहरात डॅफनीला गाडीत बसवणं हीच जोखीम.

रात्रपाळी
अहो, म्हणूनच तर ते प्रकरण हवं होतं! धोका कळूनही माणूस पाऊल टाकतो, ते बघायला आपण असले चित्रपट बघतो. इथला ईझी फारच शहाणा. आणि कायदा कादंबरीतही तोच होता की. मोझलीने तिला बिचारी केली नाही. मला तर वाटतं, काळा नायक आणि गोरी दिसणारी नायिका एका पलंगावर दाखवायला निर्माते बिचकले.

तिरपागडे
बिचकले म्हणता, पण बील्सचे वडील आफ्रिकन-अमेरिकन. नुसती गोरी नटी घेऊन काम भागवता आलं असतं, ते त्यांनी केलं नाही.

कट्ट्यावरची काकू
दोघंही त्या ड्रेसकडेच बघत बसलात. खरी भीती वाटते ती माऊसची, ईझीच्या त्या खुनशी मित्राची. डॉन चीडल आला की पडदा त्याचा. बारवाल्या जॉपीला त्याच्या हवाली करून ईझी बाहेर जातो, परत येतो तोवर जॉपी खलास. वर माऊस विचारतो, मारायचा नव्हता तर माझ्याजवळ ठेवलास कशाला! आणि ईझीचं खरं प्रेम त्याच्या घरावर. टेक्सासहून आलेल्या काळ्या कामगाराचं स्वतःच्या नावावरचं घर, 1948 मध्ये. बायका येतील-जातील, हप्ता चुकता कामा नये.

रात्रपाळी
माऊसबद्दल वाद नाही काकू. पण मग पोस्टरवर त्यालाच निळा ड्रेस घालायचा होता.