प्रति: लक्षणं नाहीत, मग तपासणी कशाला?

वर एकांनी लिहिलंय की हल्लीची कॉलेजची पोरं सगळं नेटवर वाचून असतात, लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गांबद्दल आणि त्यांच्या तपासणीबद्दल त्यांना वेगळं काय सांगायचं. वाचून असतात हो, पण दिवस राहू नयेत एवढ्यापुरतंच. मेडिकलमधून आय-पिल (संबंधांनंतर घ्यायची गर्भनिरोधक गोळी) आणली की सुटलो! त्या गोळीने एकही संसर्ग अडत नाही. क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गात तर बहुतेक मुलींना काही जाणवतच नाही आणि उपचाराविना राहिला तर गर्भनलिकांना इजा होऊ शकते. साध्या अँटिबायोटिक्सनी बरा होतो, पण तपासलं तर ना.

एचआयव्हीची शंका असेल तर पीईपीची (संसर्ग जडू नये म्हणून घ्यायची) औषधं त्या संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, तीही २८ दिवस. 'सबमिशन संपलं की बघू' इथे चालत नाही. आणि दुसऱ्याच दिवशी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका, इतक्यात ती काही दाखवणारच नाही.

माझ्या मते खरी अडचण माहितीची कमी आणि घरी कळण्याच्या भीतीची जास्त आहे. (गावाकडचा फॅमिली डॉक्टर हमखास बाबांचा मित्र निघतो.) सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत (समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) एचआयव्हीची तपासणी फुकट होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, कोर्टाचा आदेश वगैरे मोजके अपवाद सोडले तर, तुमच्या संमतीशिवाय रिपोर्ट कुणाला सांगता येत नाही, आईवडिलांनाही नाही, तुम्ही १८ पूर्ण असाल तर. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर विचारा, फोन फुकट आहे.