फाईल 'वापरणारे' प्रोग्राम: वापरसूची की संदर्भसूची?

रानवारा
आयबीएमच्या एएस/४०० या संगणकावरच्या एका जुन्या प्रणालीची मराठी हस्तपुस्तिका लिहितोय. मुख्य फाईलमध्ये एखादा रकाना वाढवायचा, तर ती फाईल कुठले प्रोग्राम आणि कुठल्या क्वेऱ्या (डेटातून माहिती काढायच्या तयार मागण्या) वापरतात ते आधी काढावं लागतं. या यादीला 'वापरसूची' म्हटलं तर चालेल का? आणि फाईलला काय म्हणू? धारिका, संचिका की नस्ती?

चौकट
नस्ती मंत्रालयात राहू द्या. धारिका शब्द वाईट नाही, पण या यंत्रावर तोही अडखळेल. इथे डेटा ठेवायची ती फिजिकल फाईल, त्याच डेटाकडे वेगळ्या क्रमाने बघायची ती लॉजिकल फाईल, पडद्याची आखणी म्हणजे डिस्प्ले फाईल आणि छपाईची प्रिंटर फाईल. सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर, तोसुद्धा फाईलच्या मेंबरमध्येच, म्हणजे तिच्या एका भागात राहतो. 'छपाईची धारिका' वाचून कोणाला काय कळणार? फाईलच ठेवा.

जुनाजाणता
फाईलबद्दल सहमत. 'वापरसूची'ला मात्र माझा ठाम विरोध आहे. यादी काढायची आज्ञा आहे डीएसपीपीजीएमआरईएफ, म्हणजे डिस्प्ले प्रोग्राम रेफरन्सेस. ती दाखवते ते रेफरन्सेस, संदर्भ. कंपाइल होताना, म्हणजे सोर्सपासून चालवायचा प्रोग्राम बनताना, त्याच्या ऑब्जेक्टमध्ये ज्या फायलींची नावं नोंदली गेली, तीच ती वाचून दाखवते. तो प्रोग्राम दहा वर्षांत कोणी चालवलेला नसला तरी यादीत येणारच.
उलट बाजू जास्त त्रासाची. सीएलमध्ये, म्हणजे या यंत्राच्या आज्ञांच्या भाषेत, फाईलचं नाव व्हेरिएबलमधून येत असेल, डायनॅमिक एसक्यूएलचं (एसक्यूएल म्हणजे डेटाला प्रश्न विचारायची भाषा) वाक्य चालता चालता जुळवलं जात असेल, किंवा ओव्हरराइड करून ऐन वेळी दुसरीच फाईल पुढे केली असेल, तर वापर आहे पण संदर्भ नाही. वापरसूची असं शीर्षक वाचून नवा माणूस निर्धास्त होईल आणि रकाना वाढवून मोकळा होईल. संदर्भसूची म्हटलं की निदान शंका तरी येते.

पाटीपेन्सिल
पण त्याच आज्ञेचा निकाल आउटफाईलमध्ये, म्हणजे पडद्याऐवजी एका फाईलमध्ये घेतला, तर वापराचा स्वतंत्र रकाना मिळतो की! १ म्हणजे वाचणे, २ म्हणजे लिहिणे, ३ म्हणजे दोन्ही, ४ म्हणजे बदलणे. मग 'वापर' शब्दाने काय घोडं मारलंय?

जुनाजाणता
ती प्रोग्रामने केलेली घोषणा. फाईल बदलासाठी जाहीर केली आणि पुढे नुसती वाचली, तरी तिथे ४ च दिसणार.

चौकट
बरं, क्वेऱ्यांचं काय? आज्ञेत ऑब्जेक्टचा प्रकार सांगितला नाही, तर ती फक्त प्रोग्राम बघते. क्वेरी/४०० या साधनाच्या क्वेऱ्या हव्या असतील तर क्यूआरवायडीएफएन (क्वेरी डेफिनिशन) हा प्रकार सांगावा लागतो. क्वेरी मॅनेजर या दुसऱ्या साधनाच्या क्वेऱ्या तर वेगळ्याच जातीच्या, त्या या यादीत येत नाहीत. त्यांचं एसक्यूएल आरटीव्हीक्यूएमक्यूआरवाय या आज्ञेने सोर्समध्ये उतरवून फाईलचं नाव शोधायचं. पुस्तिकेत दोन्हींना नुसतं 'क्वेरी' म्हणू नका, घोळ होईल. ('पृच्छा' तर नकोच. पाहुण्यांची तब्येत विचारल्यासारखं वाटतं.)

रानवारा
म्हणजे फिजिकल फाईलचं नाव देऊन यादी काढली, प्रकारही सांगितला, की झालं?

जुनाजाणता
नाही झालं. प्रोग्राम लॉजिकल फाईलमधून डेटा वाचत असेल तर त्याच्या नोंदीत लॉजिकलचंच नाव असतं. म्हणून आधी डीएसपीडीबीआर, म्हणजे डिस्प्ले डेटाबेस रिलेशन्स चालवा. त्या फिजिकलवर कुठल्या लॉजिकल उभ्या आहेत ते कळेल. मग त्या सगळ्यांच्या नावांनी संदर्भ शोधा. आज्ञेच्या नावातलं 'रिलेशन्स' मराठीत 'अवलंबून फायली' असं लिहा. नातेसंबंध वगैरे लिहिलंत तर लग्नपत्रिका वाटेल.

पाटीपेन्सिल
मग 'वापर' हा शब्द या पुस्तिकेतून हद्दपारच करायचा?

जुनाजाणता
छे, त्यालाही जागा आहे. वर्क विथ ऑब्जेक्ट लॉक्स, म्हणजे डब्ल्यूआरकेओबीजेएलसीके, या क्षणी कुठल्या जॉबने (चालू कामाने) फाईलवर लॉक, म्हणजे ताबा, धरलाय ते दाखवते. तिथे 'सध्याचा वापर' लिहा. फक्त जुलैत बघितलंत तर मार्चअखेरीला चालणारा प्रोग्राम तिथे दिसायचा नाही. त्याला शोधायला संदर्भसूचीच हवी.

रानवारा
मग दोन प्रकरणं करतो, 'संदर्भ' आणि 'सध्याचा वापर'. व्हेरिएबल आणि डायनॅमिक एसक्यूएलसाठी एफएनडीएसटीआरपीडीएम या शोधाच्या आज्ञेने सोर्समध्ये फाईलचं नाव शोधायची कृती पहिल्या प्रकरणातच जोडतो.