श्रेय माझ्याकडे राहिलं, आता काय करू?

प्रश्न: मी सहा जणांच्या टीमची प्रमुख. परवा वरिष्ठांनी अहवालाचं कौतुक केलं, मी नुसतं 'थँक यू' म्हणाले. आकडे एका ज्युनिअरने दोन रात्री जागून तपासले होते. तो समोरच बसला होता, मान खाली घालून. तेव्हापासून मन खातंय. एकट्याला गाठून माफी मागू?

उत्तर १: श्रेय चारचौघांत गेलं, चारचौघांतच परत द्या. त्याच वरिष्ठांना मेल करा, त्याचं नाव पहिल्या ओळीत.

उत्तर २: आधी त्याच्याशी बोला. १९८२ च्या 'अल्टिमेटम गेम' प्रयोगापासून (एकाने पैशांची वाटणी सुचवायची, दुसऱ्याने ती नाकारली तर दोघांनाही काही नाही) दिसत आलंय, अन्याय्य वाटा माणसं तोटा सोसूनही नाकारतात. तोही उद्या मनापासून काम करणं सोडेल.

प्रश्नकर्ती: दोन्ही केलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमचीही एक चूक सापडली होती, सांगायला घाबरलो." याचं जास्त वाईट वाटलं.