मदत हवी आहे : जस्टिनियनचा सॉलिडस, पण वजन कमी

नमस्कार मंडळी. उशिराच्या रोमन सोन्याच्या नाण्यांचा अभ्यास असलेलं कुणी आहे का इथे? एका लिलावात सम्राट जस्टिनियनचा (कारकीर्द ५२७–५६५) सॉलिडस, म्हणजे त्या काळचं सोन्याचं नाणं, दिसतोय आणि मी अडकलोय.

पुढच्या बाजूला समोर पाहणारा, शिरस्त्राण घातलेला सम्राट, हातात क्रॉस असलेला गोल. मागे उभा देवदूत, बाजूला तारा. इथपर्यंत सगळं नेहमीचं. पण वजन ३.७२ ग्रॅम! कॉन्स्टंटाइनने घालून दिलेल्या मापाने एका रोमन पौंडात ७२ नाणी, म्हणजे एक साधारण साडेचार ग्रॅमचं. इतका फरक झिजेने पडत नाही, आणि सम्राटाचा चेहरा तर चांगला ठसठशीत आहे.

देवदूताच्या पायाखाली नेहमीच्या ‘कोनॉब’ऐवजी (कॉन्स्टँटिनोपल आणि शुद्ध सोनं यांची खूण) ‘ओबी’ आणि दोन ‘एक्स’ (रोमन आकड्यांत वीस) दिसतात. जस्टिनियनच्या काळात २४ ऐवजी २० सिलिक्वांचे (सिलिक्वा म्हणजे पूर्ण सॉलिडसच्या वजनाचा चोविसावा भाग) हलके सॉलिडस मुद्दाम पाडले जात, हे माहीत आहे. त्या हिशेबाने पावणेचारच्या आसपास वजन बरोबर बसतं. पण विक्रेता ‘अतिदुर्मीळ’ म्हणून भाव चढवतोय, त्यामुळे शंका येते. (दुर्मीळ नसलेलं नाणं लिलावात मी अजून पाहिलेलं नाही!)

पूर्ण वजनाचं नाणं कडेने कातरून मागाहून ती अक्षरं कोरली असतील, तर ते फोटोवरून ओळखता येईल का? कडेच्या ठिपक्यांचं वर्तुळ एका बाजूला अर्धवट गायब आहे. विक्रेत्याकडून आणखी कोणते फोटो मागवू?