वाडा झपाटलेला की पछाडलेला?

रातवा
मंडळी, अडलोय. आमच्या चित्रपट मंडळात स्वस्तातले, फारसे कुणी न पाहिलेले भयपट दाखवायचे आहेत आणि ओळखीचं पत्रक माझ्या गळ्यात पडलंय. पहिला 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२). दिग्दर्शक हर्क हार्वे हा अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्सचा, शाळा-कारखान्यांसाठी माहितीपट करणारा माणूस. युटात ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी सॉल्टएर नावाची करमणुकीची प्रचंड इमारत ओसाड पडली होती, आत नाचघर वगैरे. ती त्याला प्रवासात दिसली आणि तिच्यासाठी म्हणून सिनेमा रचला गेला. खर्च सुमारे ३३ हजार डॉलर. मुख्य भूत तोंडाला पांढरं फासून तो स्वतःच झाला.

मी लिहिलं, 'एका झपाटलेल्या इमारतीची गोष्ट'. आईने वाचलं आणि म्हणाली, "इमारत कशी झपाटेल? झपाटतो तो माणूस." मग 'हॉन्टेड'ला आपला शब्द कोणता? या सिनेमांना भूत परवडत नाही, म्हणून जागाच भुताचं काम करते. नेमका तिचाच शब्द चुकला तर पत्रकात उरलं काय?

उभी रेघ
आईसाहेबांचं बरोबर आहे. झडप, झपाटा, झपाटणे ही सगळी एका घरातली. भूत झडप घालतं ते जिवंत माणसावर, विटांवर नाही. 'पछाडलेला वाडा' लिहा आणि मोकळे व्हा.

तिठा
तो तरी कुठे बसतो? महेश कोठारेंच्या 'झपाटलेला'त (१९९३) बाहुला झपाटतो. 'पछाडलेला'त (२००४) चांगला ऐसपैस वाडा हाताशी असूनही पछाडतो तो माणूसच.

मला फरक वेगळाच वाटतो. 'ध्येयाने झपाटलेला' म्हणतो आपण, 'कर्जाने पछाडलेला' म्हणतो. उलट करून बघा, जमत नाही. झपाटण्यात वेग आहे, पछाडण्यात पिडा.

उभी रेघ
कारण पछाडणे हे 'पश्चात्'वरून. पिच्छा पुरवणे. पाठीस लागलेलं भूत.

तिठा
हिंदीत कुस्तीत चितपट करतात त्याला पछाडना म्हणतात. पाठीस लागणं नव्हे, पाठीवर पाडणं. व्युत्पत्ती अशी हौसेने लावू नये हो.

वेंगुर्ल्याची बाय
आमच्याकडे कोणी झपाटलेलं घर वगैरे म्हणत नाही. "ती जागा बरी नाय" एवढंच, तेही आवाज खाली करून. नाव घेतलं की ते ऐकतं ना! कुणी आजारी पडलं तर "बाहेरचं आहे". रातवा, तुमच्या सॉल्टएरला 'बरी नसलेली जागा' म्हणा की.

रातवा
बाय, पत्रकात 'बरी नसलेली जागा' वाचून लोक समजतील हॉलमध्ये पाणी गळतं. 'तिथे वावर आहे' कसं वाटतं? आमच्या आजीचा शब्द. 'रात्री त्या माडीवर वावर असतो.'

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडं वावर म्हंजे शेत. वावर हाय तं पावर हाय! तुमच्या माडीवर शेत कोन केलं भाऊ?

तिठा
ठेचा, हसू नका. विशाल फुरियांच्या 'लपाछपी'त भूत आहे ते उसाच्या वावरातच. डोक्याच्या वर गेलेला ऊस, वाट दिसत नाही, पोरांचे आवाज चहूकडून. दिवसाढवळ्या घाम फुटतो. माझ्या मते मराठीत कमी पैशात इतका नेटका भयपट दुसरा नाही. पुढे त्याचाच हिंदीत 'छोरी' (२०२१) झाला.

पोटमाळा
सगळे शहाणे सिनेमेच घेताय. रामसे बंधूंना विसरलात? 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) महाबळेश्वरला गेस्टहाउसात उतरून, अख्खं कुटुंब कामाला लावून केला. 'पुराना मंदिर'मधली (१९८४) हवेली म्हणजे मुरूडच्या नवाबाचा राजवाडा. रातवांचं 'जागाच भूत' इथेही आहेच.

रातवा
जागेला शंभर गुण. पण त्यातला राक्षस सामरी समोर आला की माझी भीती संपते. तोवर नुसता धूर, निळा उजेड आणि करकरणारा दरवाजा होता तेव्हा जास्त टरकलो होतो. त्यात मध्येच विनोदी उपकथानक!

पोटमाळा
सामरी झालेल्या अनिरुद्ध अगरवालबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही. रुडकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. नुसता उभा राहिला तरी पुरे.

उभी रेघ
विषयावर या. आणि 'भयपट' असताना 'हॉरर' लिहू नका पत्रकात. आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ आहे का? खवीस, समंध, मुंजा, हडळ, जखीण...

तिठा
खवीस अरबी 'खबीस'वरून आलाय. तोही काढायचा का?

उभी रेघ
तो रुळलाय.

तिठा
'हॉरर'ही रुळलाय.

रातवा
भांडा, पण एक उपप्रश्न सोडवा. दुसरा सिनेमा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८). जॉर्ज रोमेरोने पिट्सबर्गजवळ पाडायला काढलेल्या शेतघरात चित्रित केला. कृष्णधवल असल्यामुळे रक्त म्हणून चॉकलेट सिरप चाललं. गंमत म्हणजे त्यात 'झोम्बी' शब्द कोणी उच्चारतच नाही, 'घूल' म्हणतात, म्हणजे प्रेतं खाणारं भूत. मराठीत काय लिहू?

उभी रेघ
वेताळ! प्रेतात शिरून राहणारा. याहून चपखल शब्द मिळायचा नाही.

वेंगुर्ल्याची बाय
मिळायचा नाही कसा? आमच्या आरवलीचा वेतोबा ग्रामदेव आहे. नवस फेडायला लोक त्याला केळ्यांचे घड नि हे एवढाले चामड्याचे जोडे वाहतात. रात्री तो गाव राखत फिरतो, जोडे झिजतात. त्याला तुम्ही माणसं खाणारा मुडदा करताय?

उभी रेघ
बाय, मी कथेतल्या वेताळाबद्दल बोलतोय.

वेंगुर्ल्याची बाय
तुमच्या कथेत असेल. आमच्या गावात आहे.

वऱ्हाडी ठेचा
मुडदे लिहा. 'मुडदे उठले'. मी तं तिकीट काढीन.

पोटमाळा
वाड्यासाठी 'भुताळी' कसा वाटतो? भुताळी वाडा.

तिठा
नको. आमच्या पालघरकडे भुताळी ठरवून बायकांना गावाबाहेर काढलंय, मारलंय. करमणुकीच्या पत्रकात तो शब्द नको.

पोटमाळा
बरं. मग 'भुताटकीचा'?

तिठा
चालेल, पण त्याला जरा सर्कशीचा वास येतो.

रातवा
छापखान्याचा दोनदा फोन येऊन गेला. मुडदे घेतले, ठेचा, आभार. इमारतीपुढे तूर्त 'हॉन्टेड' ठेवलंय.

उभी रेघ
अरेरे.

तिठा
'हॉ'वर अर्धचंद्र नीट दिलाय ना? छापखानेवाले हमखास 'हा' करून ठेवतात.

उभी रेघ
अर्धचंद्र त्या शब्दालाच द्या.

वेंगुर्ल्याची बाय
वेताळ नाही ना छापलात?