आजी-नातवाने मिळून म्हणण्याजोग्या जपानी बालगीताबाबत मदत हवी आहे

तोक्योतील पाळणाघरात माझ्या तीन वर्षांच्या मुलासोबत, पुण्याहून येणाऱ्या सासूबाईंना सप्टेंबरमध्ये हातवाऱ्यांचे गाणे म्हणायचे आहे. गुडघ्यांमुळे त्या खुर्चीवरच बसतील. शब्द मी देवनागरीत लिहून देते. ‘मुसुन्दे हिराइते’ त्यांना व्हिडिओ कॉलवर दोन दिवसांत जमले, कारण त्यात मुठी मिटणे, उघडणे, टाळी आणि हात वर, एवढेच आहे. ‘गेन्कोत्सुयामा नो तानुकी-सान’मध्ये मुठीवर मूठ, दूध पिणे, झोपणे, पाठुंगळी घेणे इथवर ठीक जाते; मात्र शेवटच्या ‘माता आशिता’ला हात गोल फिरवून लगेच दगड-कागद-कात्री करायची असते, तिथे त्यांचे हात फिरतच राहतात आणि नातू जिंकून मोकळा होतो (त्याला अर्थातच हेच आवडते). शेवटी खेळ नसलेले, केवळ हातांचे, समोरासमोर बसून म्हणता येईल असे दुसरे गाणे कोणते सुचवाल?